एक तास मोकळा करून घ्या: महापालिकेच्या शाळेतल्या पर्यायी वर्गाबद्दल

बडोद्याच्या महापालिकेच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी विद्यासहायक (म्हणजे ठरावीक पगारावरची नवी शिक्षिका) म्हणून लागलेल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या चौथीत ४२ मुलं आहेत आणि त्यातल्या निम्म्यांना चार ओळींचा परिच्छेद सलग वाचता येत नाही. आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, म्हणाले, काहीतरी वेगळं करून बघा, माझी परवानगी आहे. ताई विचारतात, मागे पडलेल्या मुलांचा वेगळा वर्ग काढू, की शाळेत कॉम्प्युटर आहेत त्यांच्यापासून सुरुवात करू? शाळा गुजराती माध्यमाची आहे, पण आठ-दहा मुलांच्या घरी मराठी बोलतात, त्यांच्यासाठी काय करू? आणि स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात की असे उपक्रम येतात आणि जातात, मग एवढी मेहनत करावी का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. करावी. मी तीस वर्षं महापालिकेच्या शाळांत शिकवलं, शेवटची काही वर्षं सीआरसी, म्हणजे शाळांच्या एका गटाची समन्वयक, म्हणून आजूबाजूच्या शाळांत फिरले, आणि उपक्रम येतात-जातात हे मीही पाहिलं आहे. पण त्या एका वर्षात जे मूल वाचायला शिकलं, त्याचं वाचन उपक्रमाबरोबर गेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. वेगळा वर्ग काढू नका. शाळेच्या वेळापत्रकात रोजचा एक तास मोकळा करून घ्या, आणि त्या तासात तिसरी, चौथी, पाचवीची सगळी मुलं इयत्तेप्रमाणे न बसवता वाचता किती येतं त्याप्रमाणे बसवा. तो तास एकट्या तुमचा नको, तिन्ही वर्गांच्या शिक्षकांचा हवा. बाकी सगळं, म्हणजे साहित्य, तक्ते, कॉम्प्युटर, त्यानंतर येतं. हे मी इतक्या ठामपणे का सांगते त्याला कारण आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच शहरात झाली.

२००१ ते २००३ या काळात बडोद्याच्या महापालिका शाळांत आणि मुंबईतल्या काही शाळांत 'प्रथम' संस्थेचा बालसखी नावाचा कार्यक्रम चालला. वस्तीतलीच एक मुलगी, दहावी-बारावी झालेली, वर्षाच्या सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन शाळेत यायची. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं ती रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची. शाळा चार तासांची, म्हणजे निम्मा दिवस. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डफ्लो आणि ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा नीट अभ्यास केला. अर्ध्या शाळांना बालसखी तिसरीसाठी दिली, अर्ध्यांना चौथीसाठी, आणि पुढच्या वर्षी अदलाबदल केली. त्यामुळे कुठलीच शाळा रिकाम्या हाताने राहिली नाही आणि तुलनाही करता आली. त्यांचा निबंध २००७ मध्ये आला. पुढे २०१९ मध्ये बॅनर्जी आणि डफ्लो यांना नोबेल मिळालं तेव्हा अशा प्रयोगांची खूप चर्चा झाली, पण त्यातला एक मांडवी-वाडीच्या परिसरातल्या पोरांवर झाला होता हे आपल्या शहरात फार थोड्यांना माहीत आहे.

दुसऱ्या वर्षाअखेर सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले होते. हा आकडा कोरडा वाटतो. सोपं करून सांगायचं तर शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभं असलेलं मूल साधारण अकरा जागा पुढे सरकलं. एका मुलामागे वर्षाचा खर्च फक्त २.२५ डॉलर. पण माझ्या दृष्टीने खरी बातमी वेगळीच होती. फायदा जवळजवळ सगळा बालसखीकडे गेलेल्या मुलांना झाला. जी मुलं मागे वर्गात राहिली त्यांचा वर्ग दोन तास लहान झाला, तरी त्यांच्या गुणांत काही फरक पडला नाही. पटसंख्या कमी केली की शिकवणं आपोआप सुधारतं असं आपण सगळे धरून चालतो. तसं झालं नाही. फरक पडला तो मुलाला जिथे आहे तिथून शिकवल्यामुळे.

आमच्या शाळेतही बालसखी आली होती. बसायला खोली नव्हती, म्हणून ती जिन्याच्या वळणावर सतरंजी टाकून मुलांना घेऊन बसे. मी पीटीसी (प्राथमिक शिक्षकांचा अभ्यासक्रम) झालेली, दहा वर्षांची नोकरी झालेली, आणि मनात म्हणत होते की ही पोर काय शिकवणार. दिवाळीनंतर एकदा मी तिला एका मुलाबद्दल विचारलं. इथे शिक्षिकेला बेन म्हणतात. तिने सांगितलं, "बेन, त्याला काना आणि वेलांटी येते, मात्रा आली की अडतो." मला त्या मुलाला सहामाहीत किती गुण पडले ते ठाऊक होतं. तो कुठे अडतो ते ठाऊक नव्हतं. जूनपासून तो माझ्यासमोर बसला होता. त्या दिवसानंतर मी शिकवण्याची पद्धत बदलली. २००२ च्या सुरुवातीला शहरात दंगली झाल्या, शाळेचं वर्ष विस्कटलं, कित्येक दिवस मुलं आली नाहीत. तरीही शाळा सुरू झाल्यावर जिन्यावरची मुलं आधी परतली, हेही मी पाहिलं.

या अभ्यासातली आणखी एक गोष्ट कमी सांगितली जाते, आणि तुमच्यासाठी तीच सगळ्यात कामाची आहे. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने मुलांना परत तपासलं तेव्हा फायदा जेमतेम ०.१ उरला होता. का, ते मला आकड्यांशिवायही सांगता आलं असतं. चौथीत बालसखीकडे वाचायला शिकलेलं मूल पाचवीत गेलं, तिथल्या बेननी जूनमध्ये पहिला धडा उघडला आणि वर्षभर धडेच पुढे गेले. मूल परत गप्प झालं. वेगळा वर्ग काढू नका असं मी म्हणते ते यासाठी. वेगळ्या वर्गातून मूल ज्या वर्गात परत येतं तो वर्ग आहे तसाच राहिला, तर आपण केलेलं काम वर्षभरात विरघळतं.

पुढे उत्तर भारतात जे झालं त्याने हे अधिक स्पष्ट झालं. २००५-०६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावातल्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग चालवले. जी मुलं आली ती खरंच शिकली. पण ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यातली फार थोडी आली. ज्याला सगळ्यात गरज आहे ते मूल शाळा सुटल्यावर भाऊ सांभाळतं किंवा विक्रीच्या हातगाडीवर बसतं, ते संध्याकाळी परत शिकायला येत नाही. म्हणजे तास शाळेच्या वेळेतच हवा. बिहारमध्ये २००८ च्या जूनमध्ये सरकारी शिक्षकांनीच सुट्टीत शिबिरं घेतली, मुलांना पातळीप्रमाणे बसवलं आणि फायदा झाला. पण शाळेच्या वर्षात शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं तेव्हा काही झालं नाही. शिक्षक तेच, हातातलं सामानही तेच. सुट्टीत अभ्यासक्रम डोक्यावर नव्हता, शाळेच्या वर्षात तो रोज होता, एवढाच फरक. उत्तराखंडात तर शाळेत दिलेले स्वयंसेवक हळूहळू नेहमीच्या वर्गांवरच नेमले गेले, कारण शिक्षक कमी होते. २०१२-१३ मध्ये हरियाणात दिवसातला एक तास या कामासाठी ठरवून दिला, त्या तासापुरतं मुलांना पातळीप्रमाणे बसवलं, आणि देखरेख करणाऱ्यांनी आधी स्वतः काही दिवस मुलांना शिकवून पाहिलं. तिथे नेहमीच्या शिक्षकांच्या हातून हिंदी वाचन सुधारलं.

म्हणून म्हणते, तास मिळवा. आचार्यांनी परवानगी दिली आहे ती 'उपक्रम करा' अशी तोंडी असेल. ती कागदावर, वेळापत्रकात, घंटेसकट यायला हवी. कोणीतरी रजेवर गेलं की पहिला बळी या तासाचा जातो. बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम आलं, प्रवेशोत्सवाची तयारी आली, की "आज राहू द्या" असं होतं. घंटा वाजली की मुलं आपणहून उठून आपापल्या गटात जातात, इतकी सवय दोन-तीन आठवड्यांत लागते, आणि मग तो तास बुडवणं मोठ्यांना जड जातं.

इथे एक भाषेची गंमत नव्हे, अडचण सांगते. आपल्या बडोद्यात गुजरातीच्या संगतीने आपणही 'मुलगा धोरण चारमध्ये आहे' म्हणतो. गुजरातीत धोरण म्हणजे इयत्ता. महाराष्ट्रातल्या माणसाला धोरण म्हणजे सरकारचा ठरवलेला मार्ग. आपल्या शाळांत हे दोन्ही अर्थ एक झाले आहेत. मूल कुठल्या इयत्तेत आहे हेच आपलं शिकवण्याचं धोरण झालं आहे. त्या एका तासात ते बाजूला ठेवायचं.

तपासणी कशी करायची ते नीट सांगते, कारण इथे बहुतेकजण चुकतात. लेखी परीक्षा घेऊ नका. एकेका मुलाला व्हरांड्यात जवळ बसवून वाचून घ्या. एका कागदावर दहा अक्षरं, दहा सोपे शब्द, चार वाक्यांचा परिच्छेद आणि आठ-दहा ओळींची गोष्ट. परिच्छेदापासून सुरू करा. जमला तर गोष्ट द्या, अडलं तर शब्दांवर या, तिथेही अडलं तर अक्षरांवर. मूल पाच गटांपैकी कुठल्या तरी एकात बसतं: काहीच नाही, अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट. एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात, म्हणजे तुमचे ४२ जण दोन-तीन दिवसांत होतील. २००५ पासून देशभरातल्या खेड्यांत मुलांच्या वाचन-गणिताची 'असर' नावाची पाहणी होते ती जवळपास याच कागदावर. गणितालाही तसंच: एक आकडी संख्या ओळखणं, दोन आकडी ओळखणं, हातच्याची वजाबाकी, भागाकार. हे काम दुसऱ्याकडे सोपवू नका. तुमच्या कानांनी ऐकलेलं वाचन पुढचे सहा महिने तुमच्या उपयोगी पडतं. आणि मुलाला कधीही म्हणू नका की हे तुला यायला हवं होतं. त्या कागदासमोर नऊ वर्षांचं पोर घाबरून जे अक्षर काल येत होतं तेही विसरतं.

कागदावर फक्त नाव आणि पातळी लिहा. नवं रजिस्टर सुरू करू नका. मी सीआरसी असताना एका शाळेत असा वर्ग चालू होता. त्याच्या पाच वेगवेगळ्या नोंदी होत्या, दर आठवड्याला फोटो जात होते, भिंतीवर मोठा बॅनर होता. ज्या बेन तो वर्ग चालवत होत्या त्यांना मुलांजवळ बसायला दिवसात वीस मिनिटं मिळत होती. चांगल्या मनाची, कष्टाळू बाई होती ती. नोंदींनी तिला खाल्लं. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण त्यातल्या एका नोंदीची मागणी मीही केली होती.

आता गट कोणी घ्यायचा, हा सगळ्यात नाजूक भाग आहे. तिसरी ते पाचवी मिळून शंभर-सव्वाशे मुलं आणि तीन-चार शिक्षक असतील. गोष्ट वाचणाऱ्या मुलांचा गट सगळ्यांना हवा असतो. तो मोठा असला तरी चालतो, चाळीस मुलं घेऊन बसता येतं, ती आपसात वाचतात, लिहितात, प्रश्न काढतात. 'काहीच नाही' आणि 'अक्षरं' यांचा गट लहान हवा, वीसच्या आत, आणि तो शाळेतल्या सगळ्यात धीराच्या शिक्षकाकडे हवा. सहसा उलट होतं. सगळ्यात नव्या माणसाकडे, म्हणजे बहुधा तुमच्याकडेच, तो गट येईल, आणि ज्येष्ठ बेन हुशार मुलं घेतील. भांडू नका. आचार्यांना सांगा की दर आठ आठवड्यांनी गट बदलू. पहिल्या फेरीत खालचा गट तुम्ही आनंदाने घ्या. दुसऱ्या फेरीत ज्येष्ठ बेन घेतील तेव्हा तुमच्याकडून वर गेलेली मुलं त्यांना दिसलेली असतील, आणि माझा अनुभव असा की मग त्या स्वतःच रमतात. पंचवीस वर्षं पाचवीला शिकवलेल्या बाईला एखादं मूल डोळ्यांदेखत पहिला शब्द जोडताना पाहायला मिळालं की ती बदलते. मी दोघी-तिघींना बदलताना पाहिलं आहे.

गटांना नावं देताना जपून. 'अ-ब-क' नको, 'कच्चा-पक्का' तर मुळीच नको. मुलं दोन दिवसांत ओळखतात की आपण कुठे आहोत, ते लपत नाही. पण गट पक्का नसेल तर ते बोचत नाही. माझ्याकडे शनिवारी सकाळची शाळा असायची, त्या दिवशी ज्या मुलाला वाटेल त्याने येऊन वाचून दाखवायचं आणि जमलं तर सोमवारपासून वरच्या गटात जायचं. शनिवारी सकाळी माझ्या टेबलापाशी रांग लागायची. पाचवीतला एक मोठा मुलगा, अकरा वर्षांचा, तिसरीच्या मुलांबरोबर बसायला लाजायचा. त्याला मी अक्षरपट्ट्या वाटण्याचं काम दिलं. सात आठवड्यांत तो शब्दांच्या गटात गेला. अशी वयाने मोठी मुलं तुमच्याकडे नक्की असतील, कारण २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेत उशिरा आलेल्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं असतं, आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण हा त्याचा हक्क असतो. हा तास त्या हक्काची सगळ्यात साधी सोय आहे.

तासात काय करायचं ते थोडक्यात सांगते, कारण पद्धतीवर पुष्कळ साहित्य मिळतं. रोज थोडी गोष्ट मोठ्याने वाचा, तुमच्या बोटामागे मुलांचं बोट. बाराखडीचा तक्ता रोज, पण घोकण्यासाठी नव्हे, त्यातून शब्द बांधण्यासाठी. मग बोलणं, मग लिहिणं, लिहिताना चुका होऊ द्या. एवढं रोज झालं तर बाकीचं जमत जातं.

घरी मराठी बोलणाऱ्या मुलांबद्दल मला जास्त बोलायचं आहे. मी स्वतः दांडिया बाजारच्या मराठी घरातली. आता बहुतेक मराठी घरांतली मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात जातात, आणि त्यांची अडचण शिक्षकांना दिसत नाही, कारण ती मुलं गुजराती फडाफडा बोलतात. अडचण वाचताना येते. घरात देवघरापाशी आरतीचं पुस्तक, भिंतीवर कालनिर्णय, ते देवनागरीत. शाळेत गुजराती लिपी. ग, म, न, प, व, स हे शिरोरेषा काढली की तेच दिसतात; पण अ, इ, क, ख, च, ज, झ, फ वेगळे आहेत. गुजराती र तर दोनाच्या आकड्यासारखाच दिसतो. जे मूल अक्षरांत अडखळतं त्याला हे दोन गटांत वेगळं करून दाखवा: ही ओळखीची, ही नवी. निम्मी भीती तिथेच जाते. शब्दांत फसवणारी जागा वेगळी. गुजराती 'काले' म्हणजे उद्याही आणि कालही. 'काले शाळामां रजा छे' हे वाक्य माझ्या वर्गातल्या एका मराठी मुलीने अचूक वाचलं, आणि अर्थ सांगितला, काल सुट्टी होती. आम्ही तिला वाचता येतं अशी खूण केली असती आणि पुढे गेलो असतो. म्हणून वाचून झाल्यावर एक प्रश्न विचाराच, आणि उत्तर मराठीत आलं तरी चालवून घ्या. गणितातही तसंच आहे. घरी आजी 'हातचा' म्हणते, शाळेत 'वद्दी'. दोन्ही शब्द फळ्यावर लिहा. या मुलांचं बळही सांगते: ळ त्यांच्या जिभेवर आहे, नपुंसकलिंग दोन्ही भाषांत आहे, त्यामुळे 'केवुं' आणि 'केवी' यांत ती हिंदी घरातल्या मुलांइतकी गोंधळत नाहीत. त्यांना कच्चं धरू नका. त्यांच्याकडे दोन भाषा आहेत, एका लिपीचा पूल बांधायचा राहिला आहे.

कॉम्प्युटरबद्दल. हेही बडोद्यात तपासून झालं आहे. २००० साली राज्य सरकारने इथल्या शंभरेक महापालिका शाळांना प्रत्येकी चार कॉम्प्युटर दिले होते, आणि बहुतेक ठिकाणी प्राथमिकच्या मुलांचा हात त्यांना लागत नव्हता. मग चौथीच्या मुलांसाठी आठवड्याला दोन तास, एका मशीनवर दोन मुलं, गणिताचे खेळ, असा कार्यक्रम झाला. गणितात दुसऱ्या वर्षी ०.४७ चा फायदा दिसला, म्हणजे बालसखीपेक्षाही मोठा. भाषेत काहीच नाही. वर्षभराने हाही फायदा ०.१ च्या आसपास उतरला, आणि खर्च मुलामागे १५ डॉलर. तुमच्याकडे मशीन असतीलच तर गणितासाठी जरूर वापरा, जोडीजोडीने बसवा, एकट्याला एक नको, कारण जोडीतली मुलं एकमेकांना समजावतात. पण सुरुवात तिथून करू नका. ज्याला सूचना वाचता येत नाही त्याला पडद्यावरही ती वाचता येत नाही. आणि खोलीची किल्ली कोणाकडे असते ते आधी विचारा. मी एका शाळेत वर्षभर पाहिलं, किल्ली ज्यांच्याकडे ते दुपारच्या पाळीत, मुलं सकाळच्या पाळीत.

आता ते विरघळणं कसं थांबवायचं. मला सापडलेला एकच उपाय म्हणजे पुस्तकं मुलांच्या हातात आणि घरात जाणं. आपल्या शहरात हे कोणी नव्याने सांगायला नको. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये तो सगळ्या राज्यात नेला; १९११ मध्ये गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण समोर होतं. पण शाळेनंतर वाचायला काही नसेल तर शिकलेलं विसरलं जातं, हेही सयाजीरावांच्या ध्यानात आलं होतं. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला आणलं आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. प्रयोग करायचा आणि मग तो टिकण्याची सोय करायची, हे दोन्ही त्या काळी आपल्या राज्याने करून दाखवलं.

मी मंगळबाजारातून एक पत्र्याची पेटी आणली होती. त्यात साठेक पातळ पुस्तकं, काही शिक्षकांच्या घरची, काही नव्याने घेतलेली, गुजराती आणि थोडी मराठी. पेटी वर्गात, वही मुलांच्याच हातात, रोज एक पुस्तक घरी न्यायचं. पहिल्या वर्षी सात हरवली, पाच-सहा फाटली. शाळेत कोणीतरी म्हणालं की हिशेब लागेल, कुलूप लावा. मी सात पुस्तकांचे पैसे भरले आणि पेटी उघडी ठेवली. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. त्या वर्षी ज्यांनी घरी पुस्तकं नेली त्यांची वाचनपातळी पुढच्या जूनमध्ये टिकली होती, म्हणून सांगते. आणि दुसरं: पुढच्या इयत्तेच्या शिक्षकाशी एप्रिलमध्येच बोला. त्यांच्याकडून एवढंच मागा की रोज पंधरा मिनिटं मुलं मोठ्याने वाचतील. त्यांना गट, तपासणी काही करू नका म्हणावं, फक्त ती पंधरा मिनिटं.

'उपक्रम येतात आणि जातात' याबद्दल. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान नावाचा शिक्षणाचा उपक्रम १९७२ मध्ये सहावी ते आठवीच्या सोळा शाळांत सुरू झाला. मुलं प्रयोग करून विज्ञान शिकत, परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायला मुभा होती, शिक्षक दर महिन्याला एकत्र बसून अडचणी सोडवत. सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांनी हे तीस वर्षं चालवलं, शेकडो शाळांत पसरवलं, आणि २००२ मध्ये सरकारने ते बंद केलं. म्हणजे तुमचे सहकारी चुकीचं बोलत नाहीत. पण त्या महिन्याच्या बैठकीची कल्पना मला फार मोलाची वाटते. वरून आलेला आदेश रद्द होतो. तीन शिक्षकांनी मिळून ठरवलेला तास रद्द करायला कोणाला फारसं कारण नसतं. आपल्याकडे २०१० पासून 'प्रज्ञा' आलं, पहिली-दुसरीसाठी, कार्डं आणि शिडीसारखे टप्पे, मुलं जमिनीवर गटांत. त्यातल्या किती गोष्टी कागदावर उरल्या ते शाळेशाळेवर अवलंबून आहे. मुलांच्या उंचीला लावलेले फळे मात्र कित्येक वर्गांत अजून आहेत. तुमच्या शाळेत असतील तर खालच्या गटाला तीच खोली मागा.

कधी सुरू करायचं? जून-जुलैत करू नका, तेव्हा प्रवेश चालू असतात आणि पट रोज बदलतो. नवरात्रात मुलं रात्री गरब्याला असतात, सकाळच्या पाळीत डोळे मिटतात. दिवाळीची एकवीस दिवसांची सुट्टी संपली की उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, जवळजवळ दोन महिने सलग मिळतात. वर्षातला तो सगळ्यात चांगला काळ आहे. उत्तरायणाच्या आठवड्यात शिकवण्याची अपेक्षा ठेवू नका. होळीच्या आधी दाहोद, छोटा उदेपूरकडची मजूर कुटुंबं गावी जातात आणि मुलांना घेऊन जातात, म्हणून त्यांची शेवटची तपासणी फेब्रुवारीतच उरका आणि जाताना प्रत्येकाच्या दप्तरात पेटीतलं एक पुस्तक ठेवा. परत येईल की नाही याचा विचार करू नका.

तास शक्यतो मधल्या सुट्टीच्या आधीचा घ्या, जेवणानंतरचा नको. सुट्टी संपून शाळा उघडेल त्या पहिल्या सोमवारी चौथीची पंधरा मुलं तपासा, मंगळवारी पंधरा, बुधवारी उरलेली. त्याच तीन दिवसांत तिसरी आणि पाचवीच्या बेनना त्यांच्या वर्गाची पाच-पाच मुलं तुमच्याबरोबर बसून तपासायला सांगा, पुढची मग त्या स्वतः करतील. शुक्रवारी शाळा सुटल्यावर चौघी-पाचजणी एका टेबलाभोवती बसा, कागद समोर ठेवा आणि नावं वाचून गट पाडा. चहा मागवा. त्या बैठकीला आचार्यांना बोलवाच.